परीस, मुद्रिका आणि कृष्णविवर

तुळशीचं लग्न लागून गेलं, की महाराष्ट्रातल्या वाचनालयांच्या काउंटरवर एक वेगळी वर्दळ सुरू होते. दिवाळी अंकांसाठी निराळी वर्गणी भरलेले सभासद वाचलेला अंक परत करायला येतात आणि पुढचा मागतात. कुणाला 'मौज' हवा असतो, कुणाला 'दीपावली'. पण प्रत्येक वाचनालयात दोन-चार सभासद असे असतात, की ते गठ्ठा चाळण्याच्या भानगडीत पडत नाहीत. 'नवल' आला का, एवढंच विचारतात. नसेल तर 'धनंजय' मागतात. तोही बाहेर गेलेला असेल, तर तो कुणी नेला आहे याचा त्यांना साधारण अंदाज असतो. कारण त्या अंकांच्या मागे लागणारी माणसं तीच ती असतात, आणि एव्हाना ती एकमेकांना ओळखू लागलेली असतात.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा वाचणाऱ्यांचं हे गोत्र आहे. "सध्या काय वाचताय?" हा प्रश्न इतरांसाठी चहाच्या कपाबरोबरचा असतो. या मंडळींसाठी तो फार कामाचा असतो, कारण त्यांना हवं ते पुस्तक सहसा सांगोवांगीच सापडतं. एखाद्या मध्यम गावातल्या वाचनालयात जाऊन पाहावं. जयंत नारळीकरांची कादंबरी 'विज्ञान' या पाटीखाली, खगोलशास्त्राच्या पुस्तकांना खेटून उभी असते. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न बालसाहित्याच्या कपाटात, फास्टर फेणेच्या शेजारी. नारायण धारप रहस्यकथांमध्ये, जी. ए. कुलकर्णी अर्थातच 'कथासंग्रह' या मानाच्या फळीवर. एकाच घराण्यातली ही भावंडं चार वेगळ्या खोल्यांत ठेवलेली आहेत, आणि ती एकमेकांची कोण लागतात हे कार्ड लिहिणाऱ्या ग्रंथपालाने कुठेही नोंदवलेलं नाही. ती नोंद वाचकांच्या तोंडी आहे. धारप आवडले म्हणता, मग जीएंचा 'रमलखुणा' वाचून बघा, असं एक वाचक दुसऱ्याला सांगतो, तेव्हा तो ग्रंथपालाचं राहिलेलं काम पुरं करत असतो.

साहित्याचा हा प्रकार जगभर असाच वाढला. एप्रिल १९२६ मध्ये न्यूयॉर्कला ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं. गर्न्सबॅक मूळचे लक्झेंबर्गचे, रेडिओच्या सुट्या भागांचा व्यापार करणारे आणि त्यावर मासिकं चालवणारे. त्यांनी वाचकांच्या पत्रांसाठी पानं राखून ठेवली आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ताही छापायला सुरुवात केली. या साध्या गोष्टीचा परिणाम मोठा झाला. आपल्याच शहरात, दोन गल्ल्या पलीकडे, आपल्यासारखंच मंगळाचं वेड घेतलेला आणखी एक मुलगा राहतो, हे त्या पोरांना त्या पत्त्यांवरून कळलं. पत्रापत्री सुरू झाली, मग गाठीभेटी, मग मंडळं. काही मुलांनी तर घरच्या घरी टंकलेखन करून, प्रती काढून स्वतःची छोटी मासिकं चालवली. क्लीव्हलँडच्या जेरी सीगल या शाळकरी मुलाने १९३२ मध्ये काढलेलं 'सायन्स फिक्शन' हे त्यातलंच एक. त्याचा चित्रकार मित्र जो शूस्टर त्यात हात लावत असे. याच दोघांनी घडवलेला सुपरमॅन १९३८ मध्ये जगापुढे आला. पुढे थोर कथाकार झालेल्या रे ब्रॅडबरीनेही १९३९ मध्ये असंच एक घरगुती मासिक काढलं होतं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, आणि १९५३ पासून त्या संमेलनात पुरस्कार दिले जाऊ लागले. संमेलनाचे सभासद, म्हणजे वाचकच, मतं देऊन ते ठरवतात. पुरस्काराचं नाव अर्थातच 'ह्यूगो'. २०१५ मध्ये हा मान चिनी लेखक लिऊ त्सीशिन यांच्या 'थ्री बॉडी प्रॉब्लेम'ला मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ.

अँडी वीअर यांच्या 'द मार्शियन'ची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मंगळावर एकटा राहिलेला अंतराळवीर बटाटे लावून जगतो, ही कथा त्यांनी २००९ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर एकेक प्रकरण करून फुकट दिली. वाचकांमध्ये रसायन जाणणारे होते, यंत्रं जाणणारे होते. त्यांनी चुका दाखवल्या, वीअर यांनी त्या दुरुस्त केल्या. मग वाचकांच्याच मागणीवरून ई-पुस्तक आलं, ९९ सेंट किमतीला. एकाने दुसऱ्याला सांगत ते इतकं खपलं, की २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाने ते छापलं आणि २०१५ मध्ये त्यावर चित्रपट आला.

मराठीत पत्ते छापणारं असं मासिक नव्हतं. इथे वाचकाची आणि लेखकाची गाठ घालून देण्याचं काम दोन गोष्टींनी केलं : दिवाळी अंकांनी आणि स्पर्धांनी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेला वर्षातून एकदा हक्काचं अंगण मिळालं. पुढे अनंत अंतरकरांनी 'हंस' आणि 'मोहिनी'च्या जोडीला 'नवल' सुरू केलं, ते खास अद्भुत, गूढ आणि विस्मयकारक मजकुरासाठी. परदेशी विज्ञानकथांची पहिली ओळख अनेक मराठी वाचकांना 'नवल'च्या पानांवरच झाली. अंक हातोहात फिरायचा, कव्हर सुटेपर्यंत.

आणि स्पर्धा. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मधली. परिषद विज्ञानरंजन कथांची स्पर्धा घेत असे. १९७४ मध्ये या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव : नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मग उलगडा झाला, की जगताप नावाचं कुणी नाहीच. जयंत विष्णु नारळीकर या नावाची आद्याक्षरं उलटी केली, की ना. वि. ज. होतात. केंब्रिजहून दोनच वर्षांपूर्वी परतलेला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारा जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ आपल्या नावाच्या वजनाशिवाय कथा कशी उतरते ते पाहत होता. हस्ताक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून त्यांनी ती मंगलाताईंकडून, म्हणजे पत्नीकडून, लिहून घेतली होती. कथेचा जन्मही मजेशीर होता. अहमदाबादच्या एका परिसंवादात कंटाळवाणं व्याख्यान चाललं असताना टिपणांसाठी दिलेल्या कागदांवर त्यांनी ती लिहायला घेतली.

या प्रसंगाला बंगालमध्ये एक सुंदर जोड आहे. १८९६ मध्ये कोलकात्यातल्या 'कुंतलीन' या केसांच्या तेलाच्या उत्पादकाने कथास्पर्धा जाहीर केली. अट एवढीच, की कथेत तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये. बक्षीसपात्र ठरलेली कथा निनावी होती. तीत येऊ घातलेलं चक्रीवादळ समुद्रात तेलाची बाटली ओतून शांत केलं जातं. पाण्याच्या पृष्ठताणाचा विचार करणारे ते निनावी लेखक होते जगदीशचंद्र बसू. दोन पहिल्या दर्जाचे शास्त्रज्ञ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचं अंतर, आणि दोघांनाही कथाकार म्हणून पहिल्यांदा लोकांपुढे येताना आपलं नाव झाकावंसं वाटलं. कथेच्या वाचकाकडून त्यांना शास्त्रज्ञाचा मान नको होता. कथेला कथा म्हणूनच दाद हवी होती.

नारळीकरांना हा धीर कुठून आला, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. त्यांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल स्वतः विज्ञानकथा लिहीत. हॉइल यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी १९५७ मधली. सूर्याकडे सरकत येणारा वायूचा एक अवाढव्य ढग जिवंत आणि बुद्धिमान आहे, ही तिची कल्पना. म्हणजे गुरूने लिहिलेलं शिष्याने वाचलं, आणि तेच बीज कोल्हापुरात जन्मलेल्या, बनारसला वाढलेल्या शिष्याने मराठीत पेरलं. 'कृष्णविवर'नंतर 'किर्लोस्कर'चे संपादक मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांच्याकडे कथांचा लकडा लावला. १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून बोलताना दुर्गाबाई भागवतांनी या नव्या कथेची दखल घेतली. लोकसाहित्यात मुरलेल्या दुर्गाबाईंना कृष्णविवराची गोष्ट आपली वाटावी, यात आश्चर्य नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे माणसांची कोट्यवधी वर्षं, असं सांगणाऱ्या पुराणांवर वाढलेल्या वाचकाला काळ सगळीकडे सारख्या गतीने चालत नाही ही कल्पना नवी नव्हती. नवं होतं ते तिच्यामागचं गणित. कृष्णविवरासारख्या जड वस्तूच्या जवळ घड्याळ संथ चालतं आणि दूर गेल्यावर जलद, हे आइन्स्टाइनचं सापेक्षतेचं म्हणणं आज खिशातल्या फोनमध्येही पाळावं लागतं. रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही, तर फोन माणसाला भलत्याच गल्लीत नेऊन सोडेल.

मराठी वाचक एकमेकांना नारळीकरांचं सर्वांत जास्त काय सांगतात, असं विचारलं तर 'गंगाधरपंतांचे पानिपत' हे नाव हमखास येतं. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि वेगळ्याच मुंबईत पोचतात. ईस्ट इंडिया कंपनी तिथे अजून आहे. ते एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जातात, स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड उघडतात, आणि कुठून सगळं बदललं ते शोधत शोधत पानिपतावर येऊन थांबतात. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली, हे प्रत्येक मराठी मूल शिकतं. या दुसऱ्या इतिहासात ती गोळी कानाला चाटून गेली. एवढाच फरक. त्या एवढ्याशा फरकाने मराठे जिंकले आणि हिंदुस्थानाची पुढची सारी वाट बदलली.

कथा पुढे या घटनेला पुंजभौतिकीचा आधार देते. अणूच्या जगात एका क्षणी अनेक शक्यता असतात. त्यातली एकच आपल्या वाट्याला येते, बाकीच्या कुठे जातात? पण वाचक कथेत गुंततो तो भौतिकीमुळे नव्हे. "विश्वास गेला पानिपतात" असं मराठी माणूस अडीचशे वर्षांनंतरही सहज बोलून जातो.  ज्या भाषेच्या बोलण्यात ती लढाई अजून जिवंत आहे, त्याच भाषेत 'गोळी चाटून गेली असती तर' हा प्रश्न असा काळजाला भिडतो. विज्ञानकथा बाहेरून आणलेलं रोप आहे, मराठी मातीत ते रुजत नाही, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. त्या तक्रारीला ही एक कथा पुरेसं उत्तर आहे. हीच कथा इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर' या नावाने एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात आहे. देशभरातल्या लाखो मुलांनी ती वाचली, आणि त्यातल्या कितीतरी मराठी मुलांना ती मुळात आपल्या भाषेतली आहे हे कुणीतरी नंतर सांगितलं.

नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. त्यानंतरच्या काही आठवड्यांत अनेक घरांत जुनी पुस्तकं कपाटातून बाहेर आली. 'यक्षांची देणगी', 'प्रेषित', 'वामन परत न आला'. यातलं शेवटचं तर आज नव्याने वाचण्यासारखं आहे. स्वतः विचार करणारं, माणसापेक्षा हुशार यंत्र तयार करण्याची कृती हाती लागते. ते करावं की करू नये? १९८०च्या दशकात हा प्रश्न लांबचा वाटत होता. कृत्रिम बुद्धिमत्तेवर रोज बातम्या येणाऱ्या या दिवसांत विशीतला वाचक ती कादंबरी उघडतो, तेव्हा ती त्याला जुनी वाटत नाही.

पण नारळीकरांपाशी थांबणाऱ्याला या गोत्रातले लोक थांबू देत नाहीत. लगेच पुढची नावं येतात. बाळ फोंडके हे भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले जीवशास्त्रज्ञ. त्यांचा 'खिडकीलाही डोळे असतात' वाचला का? सुबोध जावडेकर पेशाने रसायन अभियंते, म्हणून कारखाना, वायू, किरणोत्सर्ग यांचं भय त्यांच्या लेखनात हातात धरता येईल इतकं खरं असतं. शुभदा गोगटे यांची 'यंत्रायणी'. लक्ष्मण लोंढे यांची 'दुसरा आइन्स्टाइन'. या शेवटच्या कथेचा प्रवास सांगताना तर जुन्या वाचकांचा ऊर भरून येतो. फोंडके यांनी भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा एक इंग्रजी संग्रह नॅशनल बुक ट्रस्टसाठी १९९३ मध्ये संपादित केला, त्यात ती गेली. आणि अमेरिकन लेखक-प्राध्यापक जेम्स गन यांनी जगभरच्या विज्ञानकथांचा जो खंड १९९८ मध्ये सिद्ध केला, त्यातही तिला जागा मिळाली. मराठी दिवाळी अंकांच्या वातावरणात वाढलेली कथा जगाच्या पंक्तीला बसली.

निरंजन घाटे यांचं नाव मात्र वेगळं काढायला हवं. भूशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले, काही काळ आकाशवाणीत असलेले, आणि मग आयुष्यभर लिहिणारे घाटे विज्ञानकथा लिहितातच; पण त्यांनी 'वाचत सुटलो त्याची गोष्ट' नावाचं पुस्तकही लिहिलं आहे. आपण काय वाचलं, कुठून मिळवलं, एका पुस्तकाने दुसऱ्याकडे कसं नेलं, हेच त्यात आहे. पदपथावरची, रद्दीतली पुस्तकं, कुणाकुणाची कपाटं. एखाद्याने "सध्या काय वाचताय?" या प्रश्नाला मनापासून आणि सविस्तर उत्तर द्यायचं ठरवलं, तर त्याचं असं पुस्तक होतं. नव्या वाचकाला यादी हवी असेल, तर तिथून उचलावी.

अद्भुतकथेचा प्रवाह विज्ञानकथेहून जुना आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला घेतल्या, आणि जिन, उडता गालिचा, शहाजादी हे सगळं मराठी घरात आलं. नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ मधली. सुरुवातीच्या मराठी कादंबऱ्या अशा अद्भुतरम्यच होत्या. पुढे वास्तववादाचा दबदबा वाढला आणि अद्भुताला मुलांच्या खोलीत पाठवण्यात आलं. भा. रा. भागवतांनी ती खोली इतकी सुंदर सजवली, की मोठी माणसंही तिथेच रेंगाळली. व्हर्नची चंद्रावरची कादंबरी १८६५ मधली. तीत फ्लोरिडातून तोफेने माणसं चंद्राकडे उडवली जातात, आणि १९६९ मध्ये खरोखरीचे अंतराळवीर निघाले तेही फ्लोरिडातूनच. भागवतांचं 'चंद्रावर स्वारी' वाचलेल्या मुलांना त्या दिवसाच्या बातम्या ऐकताना काय वाटलं असेल!

अलीकडची अद्भुतकथा बहुतेकांना इंग्रजीतून माहीत होते. पण तिचे मराठी अनुवाद हातात घेतले, तर भाषा आपल्या परीने काय करते ते दिसतं. हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. मूळ नावातला युरोपीय किमयागारांचा दगड मराठीत परीस झाला, आणि त्याबरोबर लोखंडाचं सोनं करणारा संतांच्या अभंगांतला परीस आला. ज्या आजीने पॉटरचं नावही ऐकलेलं नाही, तिलाही नातवाच्या हातातल्या पुस्तकाचं शीर्षक कळतं. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने आहे. 'अंगठी' म्हटलं असतं तर ती सराफाच्या दुकानातली झाली असती. 'मुद्रिका' म्हणताच हनुमंताने अशोकवनात सीतेपुढे टाकलेली रामाची खूण डोळ्यांपुढे येते. टॉल्किनची अंगठी मोहात पाडून माणसाचा नाश करते, रामाची मुद्रिका धीर देते. मराठी वाचकाच्या मनात या दोन्ही एकाच शब्दात नांदतात, आणि त्या ताणामुळे कादंबरी अधिक गडद होते. इंग्रजी मूळ वाचलेल्यांनीही हा अनुवाद चाळावा, तो यासाठी.

आणि धारप. रसायनशास्त्राची पार्श्वभूमी असलेल्या या लेखकाने भयकथा, अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांच्यामधले बांध कधी मानलेच नाहीत. 'लुचाई'सारखी भयकादंबरी लिहिणाऱ्या धारपांनी 'नेनचिम'सारखी विज्ञानकादंबरीही लिहिली. २००८ मध्ये ते गेले. परदेशी कथांवरून त्यांनी बरंच बेतलं हे खरं आहे, ते लपवण्याचंही कारण नाही. पण ती भीती त्यांनी मराठी वाड्यांत, मराठी कुटुंबांत अशी आणून बसवली, की वाचणाऱ्याला ती शेजारच्या घरातली वाटावी.

धारपांचं जे सर्वांत मोठं देणं नव्या पिढीपर्यंत पोचलं, तेही तोंडी सांगण्यातूनच. १९९३ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका रात्री राही अनिल बर्वे या मुलाला मित्राने एक गोष्ट सांगितली. ती त्याच्या मनातून गेलीच नाही. पुढे अनेक वर्षांनी कळलं, की ती धारपांची 'आजी' होती आणि धारपांनी ती स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा'वरून बेतली होती. या रात्रीतून २०१८ मध्ये 'तुंबाड' हा चित्रपट झाला, आणि नाव घेतलं गेलं श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त गर्दी झाली. अमेरिकेतली एक कथा, तिचा मराठी अवतार, जंगलातली एक रात्र, कोकणातल्या गावाचं नाव आणि हिंदी चित्रपट, एवढी साखळी एका मित्राने दुसऱ्याला गोष्ट सांगितल्यामुळे जुळली. चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या पोरांनी मग धारप शोधायला सुरुवात केली, आणि त्यांच्या नव्या आवृत्त्या आज दुकानांत मिळतात.

जीएंकडे ही पोरं थोडी उशिरा पोचतात, पण पोचतात. 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घकथांत ओळखीचा देश नाही, ओळखीचा काळ नाही. आहे तो नियतीचा जुगार. या कथांना कुणी 'फँटसी' म्हटलं, की काही समीक्षकांना अवघडल्यासारखं होतं. वाचकांना होत नाही. टॉल्किनच्या जोडीला त्यांच्या उशाशी 'रमलखुणा' असतं.

या पुस्तकांची देवाणघेवाण आता वाचनालयापुरती राहिलेली नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या योजनेत पुस्तकांनी भरलेली पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. अशा पेट्या महाराष्ट्राबाहेर, दुबईसारख्या ठिकाणच्या मराठी घरांपर्यंतही गेल्या आहेत. पेटीत काय आहे हे आधी ठरलेलं नसतं. एखाद्या कादंबरीसाठी हात घालावा आणि विज्ञानकथांचा संग्रह निघावा, असं होऊ शकतं. आणि ज्याने या वाटेला कधी पाऊल टाकलं नसतं, तो टाकतो.

नव्या माणसाला या वाटेवर आणायचं, तर पहिलं पुस्तक कोणतं द्यावं, यावर जुने वाचक तावातावाने बोलतात. जाड, सात-आठ खंडांची मालिका देऊ नये यावर सगळ्यांचं एकमत. शेवट सांगू नये, हेही. बारा-चौदा वर्षांचं मूल असेल, तर नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' द्यावी. तीत क्रिकेट आहे, गणपतीची मूर्ती आहे, डाव्याचं उजवं होण्याचं कोडं आहे. हे सगळं मराठी मुलाच्या घरातलंच आहे, म्हणून मूल चटकन आत शिरतं. आणि कथा वाचून झाली, की त्याच्यासमोर कात्री आणि कागद ठेवावा.

वर्तमानपत्राच्या कडेची, दोन बोटं रुंद, हातभर लांब पट्टी कापायची. तिची दोन टोकं जवळ आणायची. पण चिकटवण्याआधी एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा. १८५८ मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी एकमेकांना न कळता हीच पट्टी मांडली. कागद इतका पातळ आहे असं समजायचं, की त्यावर काढलेलं चित्र आरपार दिसतं. त्यावर डाव्या हाताचा पंजा काढला आणि तो कागदावरून न उचलता पट्टीवरून सरकवत सरकवत एक फेरी पुरी केली, तर तो परत येतो तेव्हा उजव्या हाताचा झालेला असतो. डाव्या सोंडेची मूर्ती अशाच पिळाच्या अवकाशातून फिरून आली तर? मुलाला हे लगेच पटत नाही, आणि पटू नयेच. मग त्याच्या हातात पेन्सिल द्यायची. पट्टीच्या मधोमध टोक टेकवून, कुठेही न उचलता, रेघ ओढत जायचं. रेघ कागदाच्या पलीकडच्या बाजूला कधी गेली ते त्याला कळत नाही. ती पुढे जात राहते, आणि जिथून निघाली होती, बरोबर तिथे येऊन मिळते. मूल पट्टी फाडून सपाट करतं, उलटून बघतं. दोन्ही बाजूंना रेघ.